अवघड स्पीकर आणि हळू आवाजात ऐकणं : अँप (अँप्लिफायर) नक्की किती वॅटचा लागतो?

मंद्रस्वर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारून टाकते. माझ्याकडे उभे, सीलबंद खोक्याचे स्पीकर आहेत, सेन्सिटिव्हिटी (ठराविक सिग्नलला किती मोठा आवाज येतो तो आकडा) ८४ डीबी लिहिलेली आहे, कागदावर ४ ओहम, पण एका परीक्षणात ग्राफ बघितला त्यात शंभर हर्ट्झच्या जरा वर इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा, तो सुराप्रमाणे बदलतो) २.६ ओहमपर्यंत खाली जातो. अँप साधा आहे, ८ ओहमला ३० वॅट, ४ ओहमला ५० च्या आसपास. बसायची जागा स्पीकरपासून साधारण ३ मीटर.

आता मुद्दा असा की मी मोठ्याने ऐकतच नाही. घरातले सगळे झोपले की मग माझं ऐकणं सुरू होतं, दाराबाहेर आवाज जाऊ नये एवढाच. आणि अशा वेळी गाणं पातळ वाटतं, खर्ज जवळजवळ गायब, सगळं सपाट. दिवसा कधी आवाज वाढवला की तेच स्पीकर एकदम भरून येतात. जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं, स्पीकर अवघड आहेत, अँपला ते हाकता येत नाहीत, किमान २०० वॅटचा घे. मला हे पटत नाहीये पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाहीये. हळू ऐकायला इतके वॅट कशाला? जाणकारांनी जरा उलगडून सांगा ना.

खर्जप्रेमी
ताई, तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर आहे असं माझं मत. ८४ डीबी म्हणजे स्पीकर आळशी आहेत, त्यात २.६ ओहम. असे स्पीकर करंट मागतात, आणि ३० वॅटच्या अँपचा पॉवर सप्लाय छोटा असतो, ट्रान्सफॉर्मर छोटा, कपॅसिटर छोटे. मोठा अँप लावल्यावर हळू आवाजातसुद्धा खर्जाला पकड येते हे मी स्वतः अनेकदा ऐकलंय. वॅट वापरायचे नसले तरी मागे राखीव असले पाहिजेत.

ओहमवाला
खर्जप्रेमी, राखीव ताकद असावी हे मान्यच आहे, पण किती राखीव ते आकड्यात बघूया, नाहीतर ही चर्चा नुसती मोठा चांगला की छोटा चांगला अशीच चालू राहते.

आधी एक गोष्ट. हल्ली सेन्सिटिव्हिटी बहुतेक २.८३ व्होल्टला १ मीटरवर मोजतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ८४ डीबी लिहिलंय तर वॅटच्या हिशेबात तो ८१ चाच आहे. म्हणून मी पुढे वॅट सोडून व्होल्ट आणि अँपिअरमध्येच बोलतो, ते जास्त सरळ पडतं, कारण ट्रान्झिस्टरचा अँप मुळात व्होल्ट देतो आणि करंट किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो.

तुमच्या खुर्चीवर काय पोचतं ते बघू. मोकळ्या मैदानात ३ मीटरला साडेनऊ डीबी घट होते, पण खोलीत भिंती आवाज परत पाठवतात म्हणून घट कमी होते, ५-६ डीबी धरा. दोन स्पीकर आहेत म्हणून ३ डीबी परत मिळतात. म्हणजे २.८३ व्होल्टला खुर्चीवर ८१ डीबीच्या आसपास. आता रात्रीचं हळू ऐकणं म्हणजे सरासरी ६५ डीबी, तेही मी जरा सढळ हाताने धरतोय. ८१ च्या १६ डीबी खाली म्हणजे स्पीकरच्या टोकाला साधारण ०.४५ व्होल्ट. ८ ओहमच्या हिशेबात हे वॅटचा चाळिसावा भाग.

पण संगीतात सरासरीच्या वर उसळ्या असतात. नीट रेकॉर्ड केलेल्या संगीतात २० डीबी वर जाणारी उसळी धरली तर ८५ डीबी, त्याला लागतात ४.५ व्होल्ट. आणि समजा ही उसळी नेमकी तुमच्या त्या २.६ ओहमच्या खड्ड्यातच आली, तर करंट १.७ अँपिअर, त्याचं टोक २.४ अँपिअर. तुमचा ३० वॅटचा अँप १५.५ व्होल्टपर्यंत जातो. म्हणजे सगळ्यात वाईट उसळीच्या वरही १० डीबीहून जास्त जागा मोकळी आहे. ४ ओहमला ५० वॅट देणारा अँप साडेतीन अँपिअर सतत देतोच, टोकाला पाच. २.४ ला त्याचा दम निघणार नाही.

आणि २०० वॅटने काय मिळेल? १५.५ च्या जागी ४० व्होल्ट, म्हणजे ८ डीबी आणखी जागा, तीही अशा ठिकाणी जिथे तुम्ही कधी पोचतच नाही.

नलिका
वाचतेय. माझा अनुभव वेगळ्या दिशेचा आहे. हळू आवाजात ऐकायचं असेल तर मी सिंगल एंडेड ट्यूब (व्हॉल्व्हचा) अँप सुचवेन, ८ वॅटचा. ओहमवालांच्या हिशेबाने तर तेवढे पुरतातच. पहिल्या वॅटची गोडी ट्यूबमध्ये जी आहे ती दुसरीकडे मी ऐकलेली नाही, रात्रीच्या शांततेत तर फारच.

सोल्डर
नलिका, वॅट पुरतील पण या स्पीकरवर नको, आणि कारण वॅट नाहीच, कारण आहे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा आतला अडथळा. फीडबॅक (आउटपुट परत तपासून चूक दुरुस्त करणं) नसलेल्या सिंगल एंडेड अँपचा आउटपुट इम्पिडन्स सहज २-३ ओहम असतो. आता स्पीकरचा इम्पिडन्स एका जागी ३ ओहम आणि दुसऱ्या जागी, म्हणजे बॉक्सच्या रेझोनन्सला, २० ओहम आहे असं धरा. अँपचे २ ओहम मध्ये बसले की पहिल्या जागी ४.४ डीबी कमी होतात आणि दुसऱ्या जागी फक्त ०.८. म्हणजे साडेतीन डीबीचा चढउतार नुसत्या अँपमुळे आला, स्पीकर बनवणाऱ्याने तो कधी ठरवलाच नव्हता.

आणि यातली महत्त्वाची गोष्ट, आवाज हळू केला म्हणून हा चढउतार जात नाही. करंटची मागणी आवाजाबरोबर कमी होते, क्लिपिंगची (अँपची मर्यादा संपून सिग्नलची टोकं कापली जाण्याची) भीती जाते, पण हा प्रकार कुजबुजीच्या आवाजातही तेवढाच राहतो. म्हणून हळू ऐकणाऱ्या माणसाने अवघड स्पीकरसाठी अँप बघताना वॅटचा आकडा शेवटी बघावा आणि आउटपुट इम्पिडन्स आधी, असं माझं ठाम मत आहे. डॅम्पिंग फॅक्टर दिलेला असेल तर ८ ला त्याने भागा, आउटपुट इम्पिडन्स ओहममध्ये मिळतो. ८० असेल तर ०.१ ओहम, झालं, पुरेसं आहे. ४०० च्या मागे लागू नका, स्पीकरच्या वायरचाच रेझिस्टन्स त्याच्या पुढे जातो.

ट्यूबच घ्यायचा असेल तर फीडबॅक असलेला पुश पुल (ट्यूबची जोडी मिळून काम करते तसा) बघा आणि ४ ओहमच्या टॅपला (स्पीकर जोडायच्या टोकाला) जोडा, ८ च्या टॅपपेक्षा तिथे आउटपुट इम्पिडन्स निम्मा होतो.

छोट्या क्लास डी (वेगाने चालू-बंद होऊन काम करणाऱ्या) अँपच्या डब्यांबद्दलही हेच. टीपीए३११६ सारख्या चिपवरचे जे साधे बोर्ड मिळतात त्यात शेवटचा फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असतो, त्यामुळे वरचे सूर स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे चढतात किंवा उतरतात. हायपेक्सच्या एनकोर किंवा प्युरिफायच्या मॉड्यूलमध्ये फिल्टर फीडबॅकच्या आत घेतलाय, तिथे लोड बदलला तरी प्रतिसाद जवळपास हलत नाही. दोन्हीला क्लास डी म्हणतात पण अवघड स्पीकरसाठी त्यांच्यात फार मोठा फरक आहे.

मंद्रस्वर
बापरे, किती छान समजावलंत सगळ्यांनी. माझ्या अँपचा डॅम्पिंग फॅक्टर १०० लिहिलाय, म्हणजे ती बाजू ठीक दिसतेय. मग मूळ प्रश्न तसाच राहिला की, वॅट पुरतात, करंट पुरतो, आउटपुट इम्पिडन्स चांगला, तरी रात्री खर्ज का जातो? आणि दिवसा मोठ्याने लावलं की का येतो?

जुनी_तबकडी
कारण तो अँपमध्ये जात नाही, कानात जातो. मला वाटतं या धाग्याचा खरा गाभा हाच आहे आणि याच्यावर फार कमी बोललं जातं.

आपला कान सगळे सूर सारखे ऐकत नाही आणि आवाज जितका हळू तितका हा फरक वाढतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून वक्र काढले, नंतर बऱ्याच मोजण्या झाल्या आणि आता आयएसओ २२६ नावाचं मानक आहे. त्या वक्रांतून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं की ८० डीबीच्या पातळीला जे रेकॉर्डिंग समतोल वाटतं ते तुम्ही २० डीबीने खाली आणलं, तर ६० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज कानाला आणखी ७-८ डीबी कमी झाल्यासारखा लागतो. खर्जाला २० ऐवजी १२ च कमी करायला हवं होतं, पण व्हॉल्यूमचा नॉब बिचारा सगळं सारखंच कमी करतो. मिक्सिंग करणारे लोक साधारण ८० च्या आसपास ऐकून समतोल ठरवतात आणि तुम्ही ६० ला ऐकता, मग पातळ वाटणारच.

जुन्या अँपवर लाउडनेस नावाचं बटण असायचं ते याच्यासाठीच. नंतर शुद्धतेच्या नावाखाली काढून टाकलं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हळू ऐकणाऱ्यासाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं बटण नव्हतं. ते ठोकळ होतं हे खरं, व्हॉल्यूमच्या कुठल्या जागेला किती खर्ज वाढवायचा हे तुमच्या स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीवर अवलंबून असतं आणि अँपला ती माहीत नसते, त्यामुळे कुणाकडे बरोबर बसायचं आणि कुणाकडे गढूळ व्हायचं. पण आज प्लेअरमध्येच इक्वलायझर असतो, आपल्याला हवं तेवढंच देता येतं.

आणि खोलीतला स्वतःचा आवाज विसरू नका. पंखा, फ्रीज, बाहेरची रहदारी, शांत वाटणाऱ्या खोलीतही ३०-३५ डीबी असतातच. सरासरी ६० ला ऐकताना गाण्यातले अगदी हळुवार भाग त्यातच बुडतात. २०० वॅट लावून ते वर येणार नाहीत.

खर्जप्रेमी
कानाचं मान्य, पण मग मोठा अँप लावल्यावर मला जी पकड ऐकू येते ती काय आहे? आणि ओहमवालांच्या हिशेबात फेज अँगल कुठेच आला नाही. २.६ ओहम नुसता रेझिस्टर असता तर गोष्ट वेगळी. स्पीकर कपॅसिटिव्ह असेल तर अँप तापतो, प्रोटेक्शन मध्ये येतं.

ओहमवाला
फेजचा मुद्दा अगदी योग्य काढलात, तो मी सोडला होता कारण उत्तर आधीच खूप लांबलं होतं.

होतं असं की शुद्ध रेझिस्टरमध्ये करंट सगळ्यात जास्त असतो तेव्हा व्होल्टही सगळ्यात जास्त असतो, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरवर उरलेला व्होल्ट कमी, म्हणून तो कमी तापतो. फेज अँगल आला की करंटचं टोक व्होल्टच्या टोकाच्या आधी किंवा नंतर येतं, त्या क्षणी ट्रान्झिस्टरवर बराच व्होल्ट शिल्लक असतो आणि करंटही वाहतोय, दोघांचा गुणाकार म्हणजे उष्णता. याचा हिशेब एका आकड्यात मांडायला ईपीडीआर म्हणून कल्पना आहे, म्हणजे ट्रान्झिस्टरला तापण्याच्या दृष्टीने हा स्पीकर किती ओहमच्या साध्या रेझिस्टरसारखा वाटतो. ४ ओहम दिसणारा स्पीकर फेज वाईट असेल तर २ ओहमच्याही खाली वाटू शकतो. त्यामुळे मंद्रस्वर यांच्या २.६ ओहमच्या जागी फेज वाईट असेल तर तापण्याच्या हिशेबात आपण १.३ धरूया. तरीसुद्धा हा त्रास आवाजाबरोबर वाढतो. प्रोटेक्शन करंटला आणि उष्णतेला प्रतिसाद देतं, आणि अर्धा व्होल्ट सरासरीला तिथे काहीच घडत नाही.

इथे एक फरक स्पष्ट करूया. लोक आळशी स्पीकर आणि अवघड स्पीकर एकच समजतात. बीबीसीचा एलएस३/५ए घ्या, सत्तरच्या दशकातला छोटा मॉनिटर. सेन्सिटिव्हिटी ८२-८३ च, म्हणजे चांगलाच आळशी, पण आधीची आवृत्ती १५ ओहमची होती आणि नंतरची ११ ची, करंट जवळपास मागतच नाही, ट्यूबवर लोक आनंदाने वापरतात. मॅग्नेपॅनचे पॅनल आळशी आणि ४ ओहम, पण फेज जवळपास सरळ, जवळजवळ रेझिस्टरच. दुसरीकडे क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक, खर्जाला इम्पिडन्स तीस ओहमच्या वर आणि वरच्या सुरांना २ च्या आसपास, तोही कपॅसिटिव्ह, पण क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी तो स्वतःच्या १५ वॅटच्या ट्यूब अँपवर चालवला, आणि जास्त व्होल्ट दिले तर पॅनलमध्ये ठिणगी पडून तो खराब होतो. म्हणजे अवघड आहे पण मोठा अँप त्याला धोकादायक. आणि अगदी टोकाचा ॲपोजी सिंटिला, आळशीही आणि १ ओहमसुद्धा, तिथे मात्र खर्जप्रेमी म्हणतात तसा वेल्डिंगच्या ताकदीचा अँपच लागतो, हळू ऐका नाहीतर मोठ्याने, कारण बरेच अँप १ ओहमला स्थिरच राहत नाहीत.

पकडीबद्दल, मोठा अँप आणि छोटा अँप ऐकताना दोघांचा आवाज मीटरने जुळवला होता का? दोन्ही अँपचे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वेगळे असतात, नॉब एकाच जागी ठेवला तर एक २-३ डीबी मोठा वाजतो, आणि वरती जुनी_तबकडी यांनी सांगितलंय तसं मोठा वाजला की खर्ज आपोआप जास्त भरतो. अर्धा डीबीसुद्धा फसवतो. स्पीकरच्या टोकाला व्होल्ट मोजून जुळवा आणि मग ऐका, तरीही फरक राहिला तर मला तो खरंच जाणून घ्यायला आवडेल.

सोल्डर
ताई, तुम्ही स्वतःच मोजून टाका ना. १०० हर्ट्झचा टोन, मायनस १२ डीबी पातळीचा (म्हणजे फाइलच्या कमाल पातळीच्या १२ डीबी खाली), फाइल तयार करा किंवा कुठलंही टोन जनरेटर ॲप. आधी नेहमीचं गाणं लावा आणि तुम्ही रात्री कधी जास्तीत जास्त ठेवाल तिथे नॉब ठेवा. मग स्पीकरच्या वायर काढा, अँप ट्रान्झिस्टरचा आहे म्हणून चालेल, ट्यूबचा असता तर लोडशिवाय चालवू नका असं सांगितलं असतं. टोन लावा, अँपच्या एका चॅनेलच्या दोन टोकांना मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. येईल त्याला ४ ने गुणा, तो तुमच्या रेकॉर्डिंगच्या सगळ्यात मोठ्या टोकाला लागणारा व्होल्ट. प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, बाकी भीती नाही.

मंद्रस्वर
मोजलं! ०.७ व्होल्ट आले, नॉब माझ्या रात्रीच्या जास्तीत जास्त जागेला. म्हणजे २.८ व्होल्ट. आणि अँप १५.५ ला पोचतो. मला आधी वाटलं मीटर चुकीच्या रेंजवर आहे म्हणून बदलून बघितलं, तेवढेच येतात. एवढ्याशा व्होल्टवर माझं सगळं ऐकणं चालतं हे बघून खरंच नवल वाटलं.

पण मोजताना अजून एक दिसलं. नॉब आणखी खाली, अगदी मध्यरात्रीच्या जागेला नेला तर डाव्या चॅनेलला ०.१२ आणि उजव्याला ०.०९ येतात. गाणं थोडं डावीकडे सरकल्यासारखं मला नेहमीच वाटायचं, ते हेच का?

सोल्डर
हेच. ०.१२ आणि ०.०९ म्हणजे अडीच डीबीचा फरक. नॉबमध्ये जो पोटेन्शिओमीटर असतो त्याचे दोन ट्रॅक अगदी खालच्या टोकाला एकमेकांशी जुळत नाहीत, बहुतेक स्वस्त पॉटमध्ये असंच असतं. आणि हे हळू ऐकणाऱ्यालाच भोगावं लागतं, मोठ्याने ऐकणारा त्या भागात कधी जातच नाही.

मुळात तुमच्या साखळीत गेन जास्त आहे. डॅक (डिजिटल फाइलचा सिग्नल बनवणारा डबा) २ व्होल्ट देतो, अँपचा गेन बहुधा २९ डीबीच्या आसपास, म्हणजे २८ पट. २ ला २८ ने गुणलं तर ५६ व्होल्ट, अँप तर साडेपंधरालाच संपतो. तुम्हाला हवेत २.८. म्हणून नॉब कायम २६ डीबी खाली राहतो आणि मध्यरात्री चाळिशीच्या पुढे. २०० वॅटचा अँप घेतला असता तर गेन कदाचित आणखी जास्त आला असता आणि नॉब आणखी खाली.

डॅक आणि अँपच्या मध्ये १० ते १२ डीबीचे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे तुकडे) लावा, किंवा डॅक २४ बिटचा असेल तर त्याच्या डिजिटल व्हॉल्यूममध्येच १२ डीबी कमी करा, आवाजाच्या दर्जाला त्याने काही होत नाही. मग नॉब वर येईल, दोन्ही चॅनेल जुळतील आणि बारीक बदलही करता येतील. फुसफुस ऐकू येईल का असं वाटत असेल तर तुमचे ८४ डीबीचे आळशी स्पीकर इथे फायद्याचे आहेत, अँपचा स्वतःचा नॉइज ते खुर्चीपर्यंत पोचूच देत नाहीत.

नलिका
एक विचारू का, मग ते क्लास ए वगैरे सगळं हळू ऐकण्यासाठी निरर्थक आहे का? मला नाही वाटत.

ओहमवाला
नाही, निरर्थक अजिबात नाही, उलट हळू ऐकण्यालाच त्याचा जास्त अर्थ आहे. क्लास एबी अँपमध्ये वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर एकमेकांकडे काम सोपवतात तिथे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन येतं. बायस करंटच्या (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटच्या) दुपटीपर्यंतच्या टोकाला दोघंही चालू राहतात, म्हणजे तिथपर्यंत क्लास ए. बायस अर्धा अँपिअर असेल तर ८ ओहमला ४ वॅटपर्यंत क्लास ए, ४ ओहमला २, आणि मंद्रस्वर यांच्या २.६ ला १.३ वॅट. बघा, अवघड स्पीकरवर क्लास एचा हिस्सा लवकर संपतो. बायस २५ मिलिअँपिअरच असेल तर ८ ओहमलाही वॅटच्या शंभराव्या भागापर्यंतच, म्हणजे हळू ऐकण्याच्या पट्ट्यातच ही सोपवासोपवी चालू. नीट बनवलेल्या अँपमध्ये फीडबॅक ती इतकी दाबतो की ऐकू येत नाही, पण सगळे नीट बनवलेले नसतात. म्हणून परीक्षणात पूर्ण ताकदीला डिस्टॉर्शन किती ते बघू नका, ५० मिलिवॅट आणि ४ ओहमला किती ते बघा. आकडा वाढताना दिसला तर तो नॉइज आहे की डिस्टॉर्शन तेही बघा, कारण इतक्या खाली बहुतेक वेळा नॉइजच असतो.

मंद्रस्वर
डॅकमधून १२ डीबी कमी केले, गाणं मधोमध आलं! हा त्रास माझ्या स्पीकरच्या जागेमुळे आहे असं समजून मी किती वेळा ते सरकवले असतील. आता खर्जासाठी प्लेअरमध्ये लो शेल्फ (फक्त खालचे सूर उचलणारा फिल्टर) लावायचा विचार आहे. जुनी_तबकडी, किती डीबी आणि कुठून सुरू करू? आणि त्याने अँपवर ताण येईल का, कारण तो २.६ चा खड्डा शंभरच्या जवळच आहे.

जुनी_तबकडी
१०० हर्ट्झच्या जवळ कोपरा (जिथून चढ सुरू होतो ती जागा) धरा, हळू चढणारा, ५ डीबीपासून सुरू करा. एखाद्या ओळखीच्या आवाजावर ऐका, गाणाऱ्या पुरुषाचा आवाज छातीतून फुगल्यासारखा वाटला तर कोपरा ८० वर आणा, डीबी तसेच ठेवा. ताणाचं म्हणाल तर ६ डीबी म्हणजे दुप्पट व्होल्ट, तुमचे २.८ चे ५.६ होतील, अजूनही ८-९ डीबी शिल्लक. फक्त प्लेअरमध्ये प्रीअँपची पातळी ६ डीबी खाली घ्या, नाहीतर अँपच्या आधी फाइलच डिजिटलमध्ये क्लिप होईल. आणि याचा एक वेगळा प्रिसेट ठेवा, दिवसा आवाज वाढवलात की बंद करायचा, कारण तेव्हा कानाला त्याची गरज नसते.

खर्जप्रेमी
वाचतोय सगळं. व्होल्ट जुळवून दोन्ही अँप ऐकायची तयारी केली आहे, माझ्याकडे ८८ डीबीचे ६ ओहमचे स्पीकर आहेत. सोल्डर, टोन १०० हर्ट्झचाच वापरू की १००० चा?

सोल्डर
जुळवायला वायर जोडलेल्या ठेवून मोजा, लोडसकट. साधा मल्टिमीटर असेल तर १०० च, बरेच स्वस्त मीटर १००० ला कमी दाखवतात. दोन्ही अँप एक टक्क्याच्या आत आणलेत की पुरे, ते ०.१ डीबीपेक्षा कमी होतं. आणि अँप बदलणारी व्यक्ती दुसरी असू द्या.